मदत हवी आहे : कोळसा खाणीतील ढिगाऱ्याच्या उताराची स्थिरता

नमस्कार. मी नांदेडला स्थापत्य अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर वर्गात शिकत असून, चंद्रपूर परिसरातील एका खुल्या कोळसा खाणीच्या टाकाऊ माती-दगडांच्या ढिगाऱ्याचा उतार कितपत स्थिर आहे, हा माझ्या प्रकल्पाचा विषय आहे. ढिगारा थेट काळ्या मातीवर रचलेला आहे. आपल्या मराठवाड्यातल्या शेतांप्रमाणेच ही माती उन्हाळ्यात हात जाईल इतकी भेगाळते आणि पावसानंतर बोटांना साबणासारखी लागते; पायथ्याजवळच्या नमुन्यात मला घासून चकचकीत झालेले पृष्ठभागही (म्हणजे माती पूर्वी घसरल्याची खूण) दिसले.

उताराचे उभे काप पाडून हिशेब करणाऱ्या बिशप यांच्या पद्धतीने वर्तुळाकार घसरण गृहीत धरल्यास सुरक्षा गुणांक (मातीचे बल घसरण रोखण्यास लागणाऱ्या बलाच्या किती पट आहे तो आकडा; १ च्या खाली गेल्यास उतार घसरतो) कोरड्या स्थितीत १.४ येतो, मात्र पाण्याची पातळी वाढवताच तो १.१ पर्यंत उतरतो. माझ्या मते खरी घसरण पायथ्याच्या मऊ थरातून जवळजवळ सपाट जाईल, म्हणून वर्तुळ धरणेच चुकीचे वाटते. १९६६ साली वेल्समधील अ‍ॅबरफॅन येथे झऱ्यांवर रचलेला असाच ढिगारा घसरून १४४ जण दगावले, त्यांत ११६ मुले होती. त्यामुळे केवळ आकडा जुळवून मोकळे होणे मला पटत नाही.

अशा थरासाठी मातीचे कमाल कर्तनबल (घसरणीला होणारा सर्वाधिक विरोध) घ्यावे की अवशिष्ट (बरीच घसरण झाल्यावर उरणारा विरोध)? वर्तुळाकार नसलेल्या घसरणीलाही चालणारी मॉर्गनस्टर्न-प्राइस पद्धत वापरताना पावसाळ्यातील छिद्रजलदाब (मातीच्या कणांमधील पाण्याचा दाब) कसा ठरवावा? ज्यांनी प्रत्यक्ष खाणीवर काम केले आहे, त्यांनी कृपया सविस्तर मार्गदर्शन करावे.