सोमवारच्या बोन स्कॅनमध्ये पोट दिसतंय: दोष जनरेटरचा की किटचा?

हॉटलॅब_नवा
जनरेटर मोलिब्डेनम-९९/टेक्नेशियम-९९एम (कॉलमवरच्या मोलिब्डेनमपासून स्कॅनसाठीचं किरणोत्सारी टेक्नेशियम-९९एम बनतं). शनिवारी सकाळी इल्यूशन (सलाइनने टेक्नेशियम धुऊन काढणं), रविवार सुट्टी, सोमवारी सकाळी ८ ला पुन्हा इल्यूशन. सलग चार सोमवार एमडीपीच्या (हाडात जाऊन बसणारं औषध, त्याच्या किटमध्ये टेक्नेशियम मिसळतात) बोन स्कॅनमध्ये काही पेशंटांचं पोट आणि थायरॉइड ठळक येतंय. मंगळवार ते शनिवार स्कॅन स्वच्छ. किटचा बॅच एकच, डोस ७४० मेगाबेकेरल (२० मिलिक्युरी), इंजेक्शननंतर ३ तासांनी स्कॅन. इल्यूशनची यील्ड (निघालेली अॅक्टिव्हिटी) ठीक, मोलिब्डेनम ब्रेकथ्रू (टेक्नेशियमबरोबर निसटलेलं मोलिब्डेनम) मर्यादेत. सोमवारचं पहिलं इल्यूशन टाकून द्यावं का? की जनरेटर पुरवणाऱ्याकडे तक्रार करावी?

क्षय_स्थिरांक
दोन दिवस जनरेटर न काढल्यामुळे टेक्नेशियम-९९ साचतं. ९९एमचं अर्धायुष्य ६ तास, मोलिब्डेनमचं ६६ तास. त्यामुळे तयार झालेलं ९९एम कॉलमवरच ९९ मध्ये बदलत राहतं. रासायनिकदृष्ट्या दोन्ही एकच, म्हणून किटमधलं टिन (टेक्नेशियमला औषधाशी बांधण्याजोगं करणारा स्टॅनस क्षार) दोघांनाही लागतं. २४ तासांनी काढलेल्या इल्युएटमध्ये (धुऊन आलेल्या द्रावणात) टेक्नेशियमच्या एकूण अणूंपैकी साधारण २८ टक्के ९९एम असतात, ४८ तासांनी १३ टक्के, ७२ तासांनी ८ टक्क्यांच्याही खाली. पहिलं इल्यूशन थायरॉइड स्कॅनसाठी ठेवा आणि एमडीपीला ४-५ तासांनी पुन्हा काढा. तेवढ्या वेळात समतोलाच्या ३५ ते ४० टक्के अॅक्टिव्हिटी परत येते.

टिन_दोन
टक्केवारी बरोबर आहे, पण दोष तिथे नाही. १ गिगाबेकेरल ९९एम म्हणजे जेमतेम ५ नॅनोग्रॅम. ४८ तासांच्या इल्युएटमध्ये त्याच १ गिगाबेकेरलबरोबर एकूण टेक्नेशियम ३८ नॅनोग्रॅमच्या आसपास येतं, २४ तासांच्या इल्युएटमध्ये १८. म्हणजे फरक दुपटीचा. एमडीपीच्या किटमध्ये स्टॅनस क्लोराइड सहसा अर्धा ते एक मिलिग्रॅम. सगळं टेक्नेशियम मोजलं तरी टिनचे अणू शेकडो पटींनी जास्त उरतात. हा मुद्दा एचएमपीएओला (मेंदूच्या स्कॅनचं औषध) लागू पडतो. त्या व्हायलमध्ये स्टॅनस क्लोराइड फक्त ७.६ मायक्रोग्रॅम, म्हणून तिथे मागच्या २४ तासांत काढलेला जनरेटर आणि २ तासांच्या आतलं इल्युएट हवंच. आरबीसी लेबलिंगलाही (तांबड्या पेशींना टेक्नेशियम जोडायलाही) ताजंच इल्युएट घ्या. एमडीपीसाठी सोमवारचं इल्यूशन फेकणं म्हणजे नाहक नुकसान.

टिनचा खरा शत्रू हवा. हिशोब करून बघा: १ मिलिलिटर हवेत ऑक्सिजन साधारण ८.५ मायक्रोमोल, आणि तेवढा ऑक्सिजन जवळपास ४ मिलिग्रॅम स्टॅनस क्लोराइडचं ऑक्सिडेशन करू शकतो. म्हणजे व्हायलमध्ये एकदा १ मिलिलिटर हवा सोडली की किटमधल्या टिनच्या कितीतरी पट ऑक्सिजन आत जातो. तो सगळा लगेच विरघळत नाही, तासागणिक काम करत राहतो. टिन संपलं की टेक्नेशियम पुन्हा पर्टेक्नेटेट (औषधाला न बांधलेलं, मुक्त रूप) होऊन सुटतं आणि थायरॉइड, लाळग्रंथी, पोट दिसायला लागतात.

तक्रारीआधी दोन गोष्टी सांगा. सोमवारी एका व्हायलमधून किती पेशंट करता? आणि पोट दिसतं ते पेशंट रांगेत कितवे?

थायरॉइड एकटंच दिसलं तर घाई करू नका, स्वरयंत्राची कूर्चा कॅल्सिफाय झालेली असेल तर बोन स्कॅनमध्ये तीही उठते. पोट सोबत असेल तरच पर्टेक्नेटेट म्हणा. यकृत आणि प्लीहा दिसले तर ती वेगळी भानगड: हायड्रोलाइझ्ड-रिड्यूस्ड (टिनने बदललेलं पण एमडीपीला न बांधलेलं) टेक्नेशियमचं कोलॉइड, किंवा कॉलममधून सुटलेलं अॅल्युमिनियम. इल्युएटमध्ये ते १० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या आत हवं. इंडिकेटर कागदावर इल्युएटचा आणि प्रमाणित द्रावणाचा थेंब शेजारीशेजारी टाका, रंगाची तुलना करून मिनिटभरात कळतं.

हॉटलॅब_नवा
सोमवारी ९ पेशंट, एकच व्हायल. इतर दिवशी ३ किंवा ४. यादी तपासली: पोट दिसलेले सगळे सहाव्या क्रमांकानंतरचे. डोस ओढताना व्हायलमध्ये ओढ लागते म्हणून तेवढी हवा आत सोडली जाते. क्रोमॅटोग्राफी (किती टेक्नेशियम बांधलं गेलं ते पाहणारी पट्टीची चाचणी) फक्त सकाळी, किट बनवल्यावर.

टिन_दोन
मग उत्तर यादीतच आहे. वार कोणताही असो, एका व्हायलमधून नऊ डोस ओढले की हेच होणार.

येत्या सोमवारी त्याच व्हायलची क्रोमॅटोग्राफी दोनदा करा: बनवल्यावर १५ मिनिटांनी आणि शेवटच्या डोसआधी. दोन पट्ट्या लागतात. अॅसिटोनमध्ये कागदाची पट्टी: मुक्त पर्टेक्नेटेट वर चढतं, बाकी सगळं तळाशी राहतं. सलाइनमध्ये सिलिका जेलची पट्टी: एमडीपी आणि पर्टेक्नेटेट वर, हायड्रोलाइझ्ड-रिड्यूस्ड तळाशी. १०० मधून ही दोन्ही वजा केली की बांधलेलं एमडीपी. ९० टक्के ही तळाची मर्यादा, पण नीट बनवलेलं किट ९५ च्या वरच राहतं.

पट्टीवर फसगत होते ती अशी. थेंब तळापासून १ सेंटीमीटरवर टाका आणि द्रावक अर्धा सेंटीमीटरच भरा. थेंब द्रावकात बुडाला तर तो भांड्यातच विरघळतो. थेंब लहान ठेवा, बारीक सुईचा एकच, आणि पट्टी लगेच द्रावकात घाला. हवेत वाळत ठेवली तर थेंबातलं एमडीपी पट्टीवरच ऑक्सिडाइज होतं आणि किट चांगलं असून वाईट दिसतं. वेल काउंटरवर (किरणोत्सार मोजणारं यंत्र) मोजताना जास्त अॅक्टिव्हिटीचं अर्धं काउंटरला झेपत नसेल तर काउंट कमी येतात आणि दुसऱ्या अर्ध्याचा टक्का फुगतो. पट्टीची अॅक्टिव्हिटी थोडी घटू द्या, मग दोन्ही अर्धी मोजा.

किट बनवताना सिरिंजमध्ये हवेचा बुडबुडा ठेवू नका. ५ मिलिलिटर इल्युएट आत गेलं की सुई काढण्याआधी तेवढाच वायू बाहेर ओढा, नाहीतर दाबाने थेंब उडतात. डोस ओढताना ओढ लागली तरी हवा सोडायची नाही, द्यायचाच तर सिरिंजमधून नायट्रोजन द्या. सोमवारी दोन व्हायल बनवा, दुसरी ११ च्या सुमारास. बनवलेली व्हायल ६ तासांच्या आत संपवा.

क्षय_स्थिरांक
टिनचं प्रमाण मी धरलंच नव्हतं, एमडीपीबाबत माझं म्हणणं मागे घेतो. दुसरी व्हायल सकाळच्याच इल्युएटने बनवणार असाल तर ब्रेकथ्रू सकाळी मोजून थांबू नका. मर्यादा प्रति मेगाबेकेरल टेक्नेशियम ०.१५ किलोबेकेरल मोलिब्डेनम, आणि ती इंजेक्शनच्या वेळची. टेक्नेशियम लवकर घटतं, म्हणून हे गुणोत्तर चढत जातं: सकाळी ०.०५ असेल तर १० तासांनी ०.१४, १२ तासांनी ०.१८ च्या आसपास. सकाळचा आकडा ०.०२ असेल तर दिवसभर चिंता नाही, ०.०६ असेल तर संध्याकाळच्या पेशंटसाठी ते इल्युएट वापरू नका.

आणि इल्यूशनची व्हॅक्यूम व्हायल घाईने काढू नका. ड्राय कॉलमच्या जनरेटरमध्ये सलाइन संपल्यावर कॉलममधून हवा ओढली जाणं गरजेचं असतं. सलाइन आत राहिलं तर रेडिओलिसिसमुळे (किरणांनी पाण्याचं विघटन) पर्टेक्नेटेटचं रिडक्शन होऊन ते अॅल्युमिनावर अडकतं आणि पुढची यील्ड पडते. किटमध्ये हवा नको, कॉलममध्ये मात्र हवीच.

हॉटलॅब_नवा
सोमवारी दोन व्हायल, नायट्रोजन, आणि क्रोमॅटोग्राफी ८.३० व १२.३० ला असं लिहून हॉट लॅबच्या दारावर लावतो. दोन्ही वेळचे आकडे इथे टाकेन.