वांग : मायक्रोनीडलिंगचे पैसे भरू का? शनिवारच्या आत ठरवायचंय

निशिगंध_धायरी
दोन्ही गालांवर आणि वरच्या ओठावर वांग आहे, म्हणजे काळपट डाग. स्किनच्या डॉक्टरांनी मायक्रोनीडलिंगचं (चेहऱ्यावर बारीक सुया टोचतात ते) पॅकेज सांगितलंय, सोबत ट्रॅनेक्सामिक नावाचं औषध. शनिवारच्या आत सगळे पैसे भरले तर सूट आहे. कुणी केलंय का? डाग खरंच जातात का, तेवढंच सांगा. 'आतलं सौंदर्य महत्त्वाचं' वगैरे नको, ते घरी रोज ऐकते.

कर्वेरोड
ट्रॅनेक्सामिक चेहऱ्यावर लावणार की गोळी देणार? सध्या काय लावताय? उन्हात किती असता?

मोगरा७
मी केलंय. रंग बराच उतरला आणि पुढच्या एप्रिलमध्ये परत आला. सुयांच्या बारीक छिद्रांतून औषध आत जातं, पण वांगाची खोड त्याने मोडत नाही. मला खरा फरक पडला तो टिंटेड सनस्क्रीनने. त्यात लोहाचे ऑक्साइड असतात. साधं सनस्क्रीन अतिनील किरण अडवतं, पण आपल्यासारख्या गव्हाळ कातडीवर डोळ्यांना दिसणारा उजेडसुद्धा वांग वाढवतो. हे कळेपर्यंत मी नुसता एसपीएफचा आकडा बघून ट्यूबा आणत होते.

आजीचा_बटवा
सुया टोचून कुठे वांग जातं का! जायफळ दुधात उगाळून रात्री लावा आणि मंजिष्ठाचा काढा घ्या. वर लिंबू चोळा. माझ्या जाऊबाईंचं साफ गेलं.

मोगरा७
बटवाताई, लिंबू नको हो. लिंबाचा रस लावून उन्हात गेलं की कातडी भाजते आणि तिथे नवे काळे डाग पडतात.

आजीचा_बटवा
मी रात्री लावायला सांगितलंय, नीट वाचा.

स्वस्त_आणि_मस्त
क्लिनिकला एवढे पैसे कशाला? अर्ध्या मिलिमीटरच्या सुयांचा रोलर ऑनलाइन मिळतो. मी स्वतःच करतो, मुरुमांचे खड्डे भरत आलेत.

त्वचावैद्य
खड्डे आणि वांग यांची गल्लत नको. वांगाची कातडी आधीच चिडलेली असते. सुई खोल गेली, सूज आली किंवा लगेच ऊन लागलं, तर आहे त्यापेक्षा गडद डाग पडतो. घरच्या रोलरने जंतुसंसर्गही होतो.
निशिगंध, कर्वेरोड यांच्या प्रश्नांची उत्तरं द्या ना.

निशिगंध_धायरी
ट्रॅनेक्सामिकची गोळी आहे, 250 मिलिग्रॅमची, सकाळ-संध्याकाळ. अजून सुरू केली नाही. क्रीम मेडिकलमधून आणते, बरेच महिने लावतेय. लावलं की उजळतं, सोडलं की दुप्पट काळं. ऑफिस हिंजवडीला, बायपासने गाडीवर जाते.

त्वचावैद्य
ट्यूबवर हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन अशी नावं आहेत का? असतील तर त्यातलं मोमेटासोन हे स्टिरॉइड आहे. हे मिश्रण देखरेखीखाली, थोड्या आठवड्यांपुरतं वापरायचं असतं. महिनोन्महिने लावलं तर कातडी पातळ होते, लाली येते, लव वाढते. अशा चेहऱ्यावर इतक्यात सुया नकोत. आणि बाकी कुठल्या गोळ्या चालू आहेत?

निशिगंध_धायरी
हो, तिन्ही नावं आहेत. गोळ्यांचा काय संबंध? पीसीओडी आहे, पाळीसाठी गर्भनिरोधक गोळ्या चालू आहेत. बास.

त्वचावैद्य
संबंध आहे, म्हणूनच विचारलं. ट्रॅनेक्सामिक रक्ताची गुठळी विरघळू देत नाही आणि तुमच्या गोळीतल्या इस्ट्रोजेनने गुठळीचा धोका वाढतो. दोन्ही एकत्र घेऊ नयेत. शिवाय वांगालाही तीच गोळी खतपाणी घालत असेल. ती आपल्या मनाने बंद करू नका, स्त्रीरोगतज्ज्ञांना दुसरा पर्याय विचारा. घरात कुणाला पायात किंवा फुप्फुसात गुठळी झाली असेल तर तेही सांगा.

कर्वेरोड
ज्यांनी पॅकेज दिलं त्यांनी हे विचारलंच नाही? आगाऊ पैसे मागतात तिथे मी तरी जात नाही. ससून सरकारी रुग्णालयाच्या त्वचारोग ओपीडीत दाखवा.

मोगरा७
ससूनला रांगेत सकाळ जाते, नोकरीवाल्यांना जमत नाही. सगळे खासगीवाले लुटारू नसतात.

कर्वेरोड
लुटारू कोण म्हणालं? तारीख घालून पैसे मागू नयेत, एवढंच.

भटकंती_पुणे
गाडीवर स्कार्फ बांधता ना? पातळ जाळीदार ओढणीतून ऊन आत येतं. जाड सुती घ्या आणि हेल्मेटला गडद काच नको, संध्याकाळी चांदणी चौकात समोरचं दिसत नाही. तिथला नवा रॅम्प अजून कुणाला कळलाय का?

मोगरा७
रॅम्पसाठी वेगळा धागा काढा.

निशिगंध_धायरी
पैसे भरत नाही. क्लिनिकला फोन केला तर 'मॅडम, सूट जाईल' एवढंच म्हणाले, गोळ्यांबद्दल अवाक्षर नाही. याचा फार राग आलाय. सोमवारी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जातेय. तोवर क्रीमचं काय करू?

त्वचावैद्य
ट्यूब घेऊन दुसऱ्या त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. स्टिरॉइड एकदम सोडल्यावर चेहरा पेटतो, ते सांभाळून कमी करतील. पुढे ॲझेलाइक ॲसिडसारखे सौम्य पर्याय आहेत. सनस्क्रीन आजपासून, दोन बोटांवर मावेल एवढं, उन्हात असाल तर दर दोन तासांनी परत.

साधी_माणसं
माझ्या मुलीची मान काळी पडलीय, घासून जात नाही. तिलाही मायक्रोनीडलिंग चालेल का?

त्वचावैद्य
नको, आणि घासूही नका. मानेची कातडी जाड, मखमलीसारखी झाली असेल तर आधी साखर आणि वजन तपासून घ्या. वय किती आहे तिचं?