मदत हवी आहे : छोट्या घराचे प्लॅन अल्गोरिदमने तयार करताना खोल्या एकमेकींवर चढतात

मी साताऱ्यात वास्तुविशारद म्हणून छोटा व्यवसाय करतो. माझ्याकडची बरीच कामे ३० × ४० फुटांच्या प्लॉटवरच्या घरांची असतात आणि मागण्याही जवळपास ठरलेल्या असतात : बैठकीची खोली, स्वयंपाकघर, दोन झोपायच्या खोल्या, देवघर, न्हाणीघर, शौचालय आणि वर जाणारा जिना. अल्गोरिदमने वास्तुरचना म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर वळणावळणाचा दर्शनी भाग येतो. मला त्यात रस नाही. मला हवे आहेत एकमेकांपासून खरोखर वेगळे असलेले पंधरा-वीस प्लॅन, जे पहिल्याच बैठकीत घरमालकांसमोर ठेवता येतील. आपल्याला काय हवे आहे हे लोकांना नीट सांगता येत नाही, पण काय नको आहे ते प्लॅन पाहिल्याबरोबर सांगता येते, असा माझा अनुभव आहे.

सध्या हातात असलेल्या कामात चारही बाजूंची मार्जिने सोडल्यावर ७.२ × ८.४ मीटरचा आयत उरतो. त्यावर मी ०.६ मीटरची जाळी टाकली आहे, म्हणजे १२ × १४ असे १६८ चौकोन होतात. प्रत्येक चौकोन आठांपैकी कोणत्या खोलीचा, एवढेच ठरवायचे म्हटले तरी शक्यतांची संख्या १५२ अंकी होते, म्हणून तो मार्ग मी सोडून दिला. त्याऐवजी प्रत्येक खोली हा एक आयत मानून त्याच्या कोपऱ्याचे दोन अंक, रुंदी आणि लांबी असे चार स्लायडर (आकडा कमी-जास्त करण्याच्या सरकपट्ट्या) दिले. आठ खोल्यांचे ३२ स्लायडर ग्रासहॉपर या आरेखनाच्या सॉफ्टवेअरमधल्या गॅलापॅगोस या उत्तर शोधणाऱ्या साधनाला जोडून त्याचा जेनेटिक अल्गोरिदम चालवला, म्हणजे चांगले गुण मिळालेल्या प्लॅनांच्या मिश्रणातून पिढ्यानपिढ्या नवे प्लॅन घडवण्याची पद्धत. गुण देताना खोल्या एकमेकींवर चढल्यास दंड, क्षेत्रफळ चुकल्यास दंड, झोपायच्या खोलीला बाहेरची भिंत न मिळाल्यास दंड, आणि स्वयंपाकघर बैठकीला लागून असल्यास बक्षीस, असा हिशेब ठेवला आहे.

अडचण अशी, की एकमेकींवर चढण्याचा दंड वाढवला तर दहा-पंधरा पिढ्यांतच खोल्या जिथल्या तिथे अडकून बसतात आणि पुढे काहीच बदलत नाही. तो कमी केला तर गुण उत्तम येतात, पण न्हाणीघराचा एक कोपरा स्वयंपाकघरात शिरलेला असतो. शिवाय दोन खोल्यांच्या मध्ये दोन फुटांच्या निरुपयोगी फटी राहतात. आणि दोनशे पिढ्यांनंतर हाती येणारे पन्नास प्लॅन म्हणजे एकाच प्लॅनची पन्नास भावंडे असतात, हे सर्वांत त्रासदायक आहे.

देवघर ईशान्येला आणि स्वयंपाकघर आग्नेयेला ही अट मात्र यंत्राने विनातक्रार पाळली. वास्तुशास्त्राबद्दल माझे मत काहीही असो, ‘घर हवेशीर हवे’ या मागणीपेक्षा ती संगणकाला समजावून सांगणे फार सोपे गेले. वर्णन लिहिल्यावर थेट चित्र काढून देणारी साधनेही वापरून पाहिली. चित्रे देखणी आली, पण त्यांतल्या मापांवर विसंबून एक भिंतही आखता येणार नाही, म्हणून कृपया तो मार्ग सुचवू नये.

माझा प्रश्न असा : दोष गुणांच्या वजनांमध्ये (कोणत्या दंड-बक्षिसाला किती महत्त्व दिले त्यात) आहे, की मी खोल्या ज्या पद्धतीने मांडल्या आहेत त्या पद्धतीतच आहे?

प्रतिसाद १

दोष मांडणीत आहे. खोल्या कुठेही ठेवण्याची मुभा द्यायची आणि मग त्या एकमेकींवर चढल्या म्हणून दंड करायचा, यात संगणकाचा जवळजवळ सगळा वेळ अशक्य प्लॅन तपासण्यात जातो. त्यापेक्षा पूर्ण आयत घ्या आणि त्याला एक उभा किंवा आडवा काप द्या. मिळालेल्या तुकड्यांना पुन्हा काप द्या. आठ खोल्यांसाठी सात काप पुरतात. यात खोल्या एकमेकींवर चढणे किंवा मध्ये फट राहणे मुळातच शक्य नसते, त्यामुळे ते दोन्ही दंड रद्द होतात. प्रत्येक खोलीचे हवे असलेले क्षेत्रफळ ठाऊक असल्याने काप कुठे द्यायचा हे त्या दोन बाजूंच्या बेरजांवरून आपोआप ठरते. म्हणजे तुमच्या ३२ स्लायडरांच्या जागी आठ खोल्या आणि सात काप अशी १५ चिन्हांची एक ओळ उरते.

ही युक्ती घरबांधणीतून नव्हे, तर संगणकाच्या चिपच्या आखणीतून आली आहे. वाँग आणि लिऊ यांनी १९८६ साली नेमकी अशी ओळ वापरून चिपवरचे भाग मांडून दाखवले. त्यांनी तीनच हालचाली ठेवल्या होत्या : ओळीतल्या लगतच्या दोन भागांची अदलाबदल, सलग कापांच्या साखळीतले उभे-आडवे उलटवणे, आणि लगतचा भाग व काप यांची अदलाबदल. गॅलापॅगोसला स्लायडरांपलीकडचे कळत नसल्यामुळे हे तुम्हाला पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहावे लागेल, पण काम दोनशे ओळींच्या आतबाहेर होईल.

या पद्धतीला न जमणारा एक प्रकार लक्षात ठेवा. मध्ये चौक आणि त्याभोवती चार खोल्या भिंगरीच्या पात्यांसारख्या, अशी रचना सरळ कापांनी कधीच मिळत नाही. तुमच्या ७.२ मीटर रुंदीत चौक बसणार नसल्याने तूर्त त्याची चिंता नको.

वजनांच्या भानगडीतही पडू नका. आयआयटी कानपूरमध्ये कल्याणमय देब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केलेली, २००२ साली प्रसिद्ध झालेली एनएसजीए-२ ही पद्धत उद्दिष्टांची बेरीज करत नाही. एका बाबतीत सरस पण दुसऱ्या बाबतीत कमी, असे सगळे प्लॅन ती बाजूबाजूने जिवंत ठेवते. ग्रासहॉपरसाठी अशा जातीची ऑक्टोपस आणि वॉलेसी ही साधने उपलब्ध आहेत.

प्रतिसाद २

वरील मताशी सहमत आहे. ‘आधी खोल्यांची मांडणी, मग तपशील’ हा क्रम या क्षेत्रात जुनाच आहे. स्टिनी आणि मिचेल यांनी १९७८ साली इटलीतल्या पॅलाडिओ या जुन्या वास्तुविशारदाच्या व्हिलांचे आकार-व्याकरण (आकार टप्प्याटप्प्याने रचण्याचे नियम) मांडले, तेव्हा त्यांनीही जाळी, बाहेरच्या भिंती आणि खोल्या आधी ठरवल्या आणि दारे-खिडक्या बऱ्याच नंतर आणल्या.

मला मात्र तुमच्या जाळीबद्दलच शंका आहे. राष्ट्रीय इमारत संहितेत राहत्या खोलीची किमान रुंदी २.४ मीटर आहे, आणि ती आतली मोकळी रुंदी असते. तुमचे चार चौकोन बरोबर २.४ मीटर भरतात, पण ते भिंतींच्या मध्यापासून मध्यापर्यंत. एका बाजूला २३० मिलिमीटरची बाहेरची आणि दुसऱ्या बाजूला ११५ मिलिमीटरची आतली भिंत धरली, तर हाती सुमारे २.२३ मीटर उरतात. प्रोग्रॅम ज्याला उत्तीर्ण म्हणतो आहे तो प्लॅन मंजुरीच्या टेबलावर अडेल. जाळी ०.३ मीटरची करा किंवा भिंतींची जाडी आधीच हिशेबात धरा.

धागाकर्ता (मूळ प्रश्न विचारणारा)

दोघांचेही मनःपूर्वक आभार. भिंतींच्या जाडीची चूक वाचून स्वतःचेच हसू आले. हाताने आखताना ती मी कधी केली नसती. जाळी काढून टाकली असून जाडी आता थेट हिशेबात धरली आहे.

कापांची पद्धत लिहून झाली आणि पहिल्याच रात्री एकही खोली दुसरीवर चढली नाही. बोळ ही नववी खोली मानावी लागली, त्यामुळे ओळ १७ चिन्हांची झाली. दोन खोल्या नुसत्या कोपऱ्याला टेकल्या तरी प्रोग्रॅम त्यांना शेजारी समजत होता, म्हणून दार बसेल एवढी किमान ०.९ मीटरची सामाईक भिंत हवी, अशी अट घातली. त्यानंतरचे प्लॅन एखाद्या नवशिक्या सहकाऱ्याने काढावेत तितपत बरे आहेत, आणि मला तेवढेच हवे होते.

भावंडांचा प्रश्न मात्र अर्धाच सुटला. एनएसजीए-२ वेगवेगळे गुण असलेले प्लॅन राखते, पण गुण वेगळे असले म्हणजे घर वेगळे असतेच असे नाही. आणि बैठकीतून जिना काढणारा प्लॅन व बोळातून जिना काढणारा प्लॅन यांना सारखेच गुण पडले, की त्यांतला एक गळून जाऊ शकतो. सध्या मी कोणत्या खोलीतून कोणत्या खोलीत दार आहे याची यादी करून दोन प्लॅनमध्ये किमान तीन दारे वेगळी असावीत असे ठरवले आहे. पण आरशातली प्रतिमा असावी तसे डावे-उजवे उलटलेले प्लॅन या यादीत एकच ठरतात, आणि रस्ता पश्चिमेला असेल तर राहणाऱ्याच्या दृष्टीने ती दोन निराळी घरे असतात. हा फरक मोजण्याची रीत कोणी वापरली असल्यास कृपया सांगावी.