ऑपरेशन पराक्रम: लढाई झालीच नाही, मग सैन्य मागे यायला एवढा वेळ का लागला?

रानवारा: संसदेवर 13 डिसेंबर 2001 ला हल्ला झाला, सरकारनं पाकिस्तान सीमेवर सैन्य जमवलं (तेच ऑपरेशन पराक्रम) आणि सुट्टीवर आलेले आमचे काका चार दिवसांत परत गेले, थेट राजस्थान बॉर्डर. 16 ऑक्टोबर 2002 ला सरकारनं सैन्य मागे घ्यायचं ठरवलं, घरी सगळे खुश, पण काका आले पुढच्या उन्हाळ्यात. गोळी सुटली नाही तर एवढे महिने कसले? काका काही बोलत नाहीत, विचारलं की हसतात फक्त.

जुना_सॅपर: भाऊ, मी होतो तिकडेच, खडकीला ट्रेनिंग झालेला बॉम्बे सॅपर, म्हणजे लष्करातला इंजिनियर जवान. इन्फंट्रीचं (पायदळाचं) बरं असतं, दारूगोळा जमा केला, सामान बांधलं, मिलिटरी स्पेशल गाडी मिळाली की निघाले (ती मिळेपर्यंत जीव जातो ते सोडा). आम्ही अडकलो सुरुंगांपाशी. बॉर्डरलगतच्या शेतांत लाखोंनी पेरलेले. पेरताना कुठल्या खुणेपासून किती अंतरावर, ओळीत किती, सगळं लिहून ठेवतात, पण वाळूला कागद कळत नाही ना, टेकडीच सरकते, सुरुंग एकतर हातभर खाली नाहीतर उघडा पडलेला. त्यात छोटा प्लॅस्टिकचा असला की डिटेक्टर जेमतेम ओळखतो, मग पोटावर झोपून सळई तिरपी खुपसत जायचं, उभी घातली तर दाब थेट सुरुंगाच्या डोक्यावर. नोंदीत 200 आणि हाताला 199 लागले की त्या एकासाठी सगळी जमीन परत तपासायची.

गप्पिष्ट: एक सांगू, अख्खं सैन्य मागे आलंच नव्हतं. आंतरराष्ट्रीय सीमेवरचं हललं, एलओसीवर बंदोबस्त तसाच. आणि सरकार 'माघार' म्हणतच नव्हतं, 'फेरतैनाती' म्हणे 😀

रानवारा: आणि ज्यांची शेतं होती ते?

जुना_सॅपर: त्यांना नुकसानभरपाई होती, पण पेरणी बुडाली ती बुडालीच. रोज तारेपलीकडे उभे राहून विचारायचे, फौजी, आमचा नंबर कधी. आम्ही काय सांगणार, जमीन क्लिअर झाल्यावर आधी आमचीच पोरं तिच्यावरून चालून दाखवायची, मग शेतकरी आत.

काका कुठल्या युनिटला होते? इंजिनियर असतील तर हसण्याचं कारण मला ठाऊक आहे.

रानवारा: विचारून सांगतो दादा.