दहावीची सुरुवात नववीच्या सुट्टीत करावी का?

नौपाडा_गणित
नववीची परीक्षा संपली की ठाणे, वाशी, खारघरला दहावीच्या व्हेकेशन बॅच लागतात. माझं मत स्पष्ट आहे: एप्रिलमध्येच सुरू करा. दिवस मोजून बघा. दहावीची लेखी परीक्षा २०२४ मध्ये १ मार्चला सुरू झाली, २०२५ मध्ये २१ फेब्रुवारीला. शाळा उघडणार जूनच्या मध्याला. त्यातून गणपती (कोकणात गावी जाणाऱ्यांचा आठवडा गेलाच), सहामाही, दिवाळी आणि जानेवारीची प्रिलिम वजा करा. नवीन शिकायला पाचेक महिने उरतात. त्यात बीजगणिताची ६ आणि भूमितीची ७ प्रकरणं, विज्ञानाचे दोन भाग, तीन भाषा, इतिहास, भूगोल. सुट्टीत रेषीय समीकरणे, वर्गसमीकरणे आणि समरूपता उरकली तर डिसेंबर उजळणीला मोकळा मिळतो.

खारघर_विज्ञान
सर, दिवसांचा हिशेब मान्य, पण ‘उरकली’ हाच शब्द मला खटकतो. सुट्टीत दहावीचा पोर्शन पळवण्याला माझा विरोध आहे, कारण मुलं दहावीत अडतात ती बहुतेक नववीच्या कच्चेपणामुळे.

विज्ञान भाग १ मधलं भिंगांचं प्रकरण घ्या. नववीत आरशाचं सूत्र असतं १/व्ही अधिक १/यू, दहावीत भिंगाचं १/व्ही वजा १/यू (व्ही म्हणजे प्रतिमेचं अंतर, यू वस्तूचं). चिन्हसंकेत, म्हणजे कुठलं अंतर धन आणि कुठलं ऋण हा नियम, मात्र दोन्हीकडे तोच, आणि तो शिकवला जातो नववीत. तो कच्चा राहिला की मूल वस्तूचं अंतर ऋणऐवजी धन धरतं. १० सेमी नाभीय अंतराचं बहिर्गोल भिंग, वस्तू १५ सेमीवर: उत्तर ३० सेमी यायला हवं, येतं ६. हे मूल एप्रिलमध्ये शिको नाहीतर ऑगस्टमध्ये, चूक तीच होणार.

सुट्टी नववीला द्या. बहुपदींचे अवयव, गुणोत्तर-प्रमाण, समांतर रेषा, आरसे, धाराविद्युत. आणि पालकांनो, नववीची पुस्तकं मे महिन्यात रद्दीत देऊ नका!

नौपाडा_गणित
ताई, नववीची उजळणी हवीच, पण त्यासाठी दोन महिने लागत नाहीत, १०-१२ दिवस पुरतात. शिवाय कच्चेपणा नवीन धडा सोडवतानाच उघडा पडतो. निश्चयक पद्धतीचं उदाहरण देतो: ३क्ष − ४य = १० आणि ४क्ष + ३य = ५. निश्चयक म्हणजे सहगुणकांचा तिरका गुणाकार करून वजाबाकी; त्याची किंमत ३×३ − (−४)×४, म्हणजे ९ + १६ = २५. ऋण चिन्ह विसरलेलं मूल ९ − १६ करून −७ लिहितं आणि पुढचं सगळं वाहून जातं. बरोबर उत्तर क्ष = २, य = −१. नुसती बेरीज-वजाबाकीची चिन्हं घोटून घेतली तर ही चूक दिसतच नाही. ती एप्रिलमध्ये दिसली तर सुधारायला वर्ष मिळतं.

वाशी_मराठी
तुम्ही दोघं गणित-विज्ञानातच आहात. लवकर सुरू करायचंच असेल तर भाषेपासून करा. मराठी माध्यमाच्या कुमारभारतीची, म्हणजे मराठी विषयाच्या पुस्तकाची, कृतिपत्रिका ८० गुणांची: गद्य १८, पद्य १६, स्थूलवाचन ६, भाषाभ्यास १६, उपयोजित लेखन २४. शेवटचे दोन विभाग मिळून ४० होतात, आणि त्यांना दहावीचा एकही धडा झालेला असण्याची गरज नाही. समास, अलंकार, वाक्प्रचार, पत्र, सारांश, बातमी, जाहिरात, कथा, निबंध हे सगळं आजपासून करता येतं.

दुसरं, वेळ. गणित-विज्ञानाच्या ४० गुणांच्या पेपरला २ तास, म्हणजे गुणामागे ३ मिनिटं. भाषेच्या ८० गुणांना ३ तास, म्हणजे सव्वादोन. उपयोजित लेखनाच्या वाट्याला ५५ मिनिटांच्या आसपास येतात आणि तेवढ्यात चार लेखनं उतरवायची असतात. मुलं हा विभाग शेवटी घेतात, हात दुखून येतो, निबंध अर्धवट राहतो. लिहिण्याचा वेग प्रिलिमनंतर वाढत नाही. सुट्टीत आठवड्याला दोन लेखनं, घड्याळ लावून, शाईच्या किंवा बॉलपेनाने कागदावर. मोबाइलवर टाइप केलेलं धरू नका.

ऐरोली_पालकसभा
मॅडमचं पटलं, एक धोका सोडून. पत्राचे साचे पाठ करवून घेणारे क्लास पुष्कळ आहेत. पत्ता, विषय, मायना यांचे गुण मिळतात, पण मजकूर दिलेल्या मुद्द्यांशी जुळला नाही की उरलेले जातात. बातमी वाचून तिचा सारांश रोज चार ओळींत लिहिला तर जास्त उपयोग होईल.

गणिताचं सांगायचं तर सरांचा वेळेचा मुद्दा मला तरी खारघरच्या ताईंपेक्षा भक्कम वाटतो. फक्त बॅच घराजवळची हवी. घोडबंदर रोडवरून संध्याकाळी नौपाड्याला जाऊन येणाऱ्या मुलाचा दीड-दोन तास ट्रॅफिकमध्येच जातो, मग घरी गणितं सोडवणार कधी?

खारघर_विज्ञान
तोच तर प्रश्न आहे. सर, बॅचमध्ये दोन तास फळ्यावरून उतरवून घेतलं म्हणजे प्रकरण झालं, असं धरता येत नाही. बीजगणिताच्या पेपरात चौकटी भरायच्या कृतीच ७ गुणांच्या असतात. त्या ज्याने स्वतः पायरी-पायरीने सोडवलंय त्यालाच भरता येतात. तीनऐवजी एकच प्रकरण घ्या, समरूपता, आणि तेही समरूप त्रिकोणांच्या शिरोबिंदूंचा क्रम बिनचूक लिहिता येईपर्यंत.

नौपाडा_गणित
समरूपता आणि रेषीय समीकरणे, दोन. वर्गसमीकरणे सोडतो, त्याआधी बहुपदी हव्यात हे खरं.