मदत हवी: गावात कार्बन गाडणार म्हणतात, परवा ग्रामसभा, काय विचारू?

उसाचा_कोंब
मंडळी, घाई आहे. डिस्टिलरीतला कार्बन डायऑक्साइड धरून जमिनीत सोडणार म्हणून माणसं येऊन गेली. लाल खुंट्या ठोकल्यात. ठराव मागतात. विहिरींचं पाणी नासणार का? वायू वर आला तर माणसं मरतात का? सभेत उभं राहून नेमकं काय विचारायचं तेवढं सांगा.

गंगावेस_कट्टा
गाव कुठलं? किती खोल सोडणार? ठरावाचा मसुदा बघितला का?

उसाचा_कोंब
गाव कशाला पाहिजे? करवीर तालुका समजा. मसुदा ग्रामसेवकांकडं आहे.

पाटणकर_आजोबा
अजिबात होकार देऊ नका. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप आम्ही भोगलाय. जमिनीच्या पोटात ढवळाढवळ नको. कॅमेरूनमध्ये १९८६ साली न्योस तळ्यातून हाच वायू बाहेर पडला, सुमारे १,७०० माणसं झोपेतच गेली.

कातळवेडी
आजोबा, तुमची भीती समजते, पण न्योस हे ज्वालामुखीच्या तोंडात साचलेलं तळं. वायू तळाशी पाण्यात विरघळून होता, तो एकदम उसळला. खडकात मुरवलेला वायू तसा येत नाही. आपल्याकडं काळा पाषाण आहे. आइसलँडमध्ये याच जातीच्या खडकात २०१२ साली वायू पाण्यात विरघळवून सोडला आणि दोन वर्षांच्या आत त्यातल्या ९५ टक्क्यांहून जास्तीचा दगड झाला. दगड झालेला वायू गळत नाही.

पाटणकर_आजोबा
आणि दाबानं काही आत सोडलं की भूकंप होत नाहीत? अमेरिकेत ओक्लाहोमात सांडपाणी सोडून झाले. नाही म्हणा बघू.

कातळवेडी
नाही म्हणणार नाही. दाब किती आणि भूकंपमापक कुठं बसवणार, हे विचारायलाच हवं. त्याहून मोठा प्रश्न पाण्याचा. आइसलँडच्या पद्धतीत एक टन वायूला साधारण २५ टन पाणी लागतं. अमेरिकेत वॉलुला इथं २०१३ साली पाण्याशिवायही पाषाणात सोडलाय, म्हणून पद्धत कुठली ते आधी विचारा.

शिरोळचा_भाऊ
पाण्याचं काय घेऊन बसलाय, पंचगंगेची काय गत झालीय बघा! शिवाय डिस्टिलरीचा वायू चांगला शुद्ध असतो, कोल्ड्रिंकवाले विकत घेतात. गाडायचा कशाला? आमच्याकडं ड्राय आइसचा प्लांट टाकायचाय, कुणाला अंदाजे खर्च माहीत आहे का?

गंगावेस_कट्टा
भावा, वेगळा धागा काढ. @उसाचा_कोंब, खुंट्या कुठं कुठं आहेत? एकाच जागी की रांगेनं?

उसाचा_कोंब
गायरानात चार, मग शाळेच्या मागनं ओढ्याकडेनं रांगच आहे कारखान्यापर्यंत. त्यानं काय फरक पडतो?

गंगावेस_कट्टा
अहो, हे पहिल्यांदा सांगायचं होतं! ती पाइपलाइन असणार. अमेरिकेत सटार्शियाजवळ २०२० मध्ये पावसानं माती घसरून असा पाइप फुटला. पंचेचाळीसेक माणसं दवाखान्यात, गाड्यांची इंजिनं जागीच बंद. हा वायू हवेपेक्षा जड, सखल जागी साचतो. ओढा म्हणजे त्याची वाटच, आणि शाळा काठावर. जुन्या आडात उतरलेला माणूस गुदमरतो तो याच कारणानं.

कातळवेडी
इथं मी यांच्याशी सहमत. खोल खडकापेक्षा वरचा पाइप जास्त जोखमीचा. मसुद्यात पाइपचा उल्लेख आहे का?

विहीरवाले_तात्या
नवीन विहिरीला अनुदान मिळतं, कृषी खात्यात चौकशी करा.

उसाचा_कोंब
आत्ता ग्रामसेवकांकडं जाऊन फोटो काढून आणला. फक्त "गायरानात एक चाचणी बोअर" एवढंच लिहिलंय. पाइपचं नाव नाही!

पाटणकर_आजोबा
बघा. सांगत होतो ना.

कातळवेडी
मग आधी खुंट्यांचा नकाशा मागा. पाइप शाळेपासून किती अंतरावर, वायू सुटला तर भोंगा कोण वाजवणार, आणि पुढं पन्नास वर्षांनी गळती झाली तर जबाबदारी कुणाची, हे लेखी मागा. चाचणी बोअरला होकार म्हणजे पुढच्या कामाला होकार नाही, असं ठरावातच लिहून घ्या. आणि बोअर मारायच्या आधी सगळ्या विहिरींचं पाणी तपासून ठेवा. आधीचा कागद नसला की नंतर भांडता येत नाही.

उसाचा_कोंब
पाणी कुठं तपासतात? परवापर्यंत होईल?

गंगावेस_कट्टा
जिल्ह्याच्या भूजल प्रयोगशाळेत. परवाच्या आत अहवाल मिळायचा नाही, पण नमुने दिल्याची पोच घेऊन सभेत दाखवा. सामू, क्षार आणि धातू तिन्ही तपासायला सांगा. बाटली काठोकाठ भरा, आत हवा ठेवू नका.