मदत हवी आहे: 'सेव्हनबार्क' म्हणजे रानटी हायड्रेंजियाच का? मुतखड्यावर देऊ का?

नमस्कार मंडळी. धागा आरोग्यात टाकावा की बागकामात ते कळेना, शेवटी इथे टाकते आहे.

आम्ही नॉर्थ कॅरोलायनाच्या पश्चिमेला, ॲशव्हिलपासून तासाभराच्या अंतरावर राहतो. घरामागे झाडीचा उतार आणि खाली ओढा. सासरे (आम्ही सगळे अण्णा म्हणतो) मे महिन्यात कराडहून आलेत. गेल्या आठवड्यात मध्यरात्री त्यांच्या कुशीत अशी कळ उठली की माणूस गडाबडा लोळला. इमर्जन्सीत नेलं, स्कॅन केलं, डाव्या मूत्रनलिकेत ५ मिमीचा खडा निघाला. भरपूर पाणी प्या, दुखलं तर ही गोळी, नळी सैल पडायला ती गोळी, दोन आठवड्यांनी दाखवा, असं सांगून घरी पाठवलं. अण्णांचं म्हणणं, "गोळ्यांनी कुठं खडा पडतो होय? कुळथाचं कढण करा." कुळीथ इंडियन ग्रोसरीत मिळाले, ते चालू आहे.

आता खरा प्रश्न. शेजारच्या आजी ऐंशीच्या पुढच्या, जन्म याच डोंगरातला. त्यांना कळल्यावर त्या एक काचेची बरणी घेऊन आल्या. आत वाळक्या मुळांचे पिवळट तुकडे, दगडासारखे कडक. त्यांच्या आई म्हणे याचाच काढा द्यायच्या. नाव सांगितलं 'सेव्हनबार्क', आणि आमच्या उतारावरच्या झुडपाकडे बोट दाखवून म्हणाल्या, हे बघ, तुझ्या दारातच आहे. अण्णा लगेच खूश: "म्हणजे इकडचा पाषाणभेदच की!"

झुडूप छातीइतकं उंच. पानं समोरासमोर, रुंद, टोकदार, कडा दातेरी. जूनमध्ये चपटे झुबके आले: मधे मळकट पांढरी बारीक फुलं, कडेला मोजून चार-पाच मोठी पांढरीशुभ्र. फोटो चढत नाहीयेत, साइज मोठी म्हणतंय.

हे रानटी हायड्रेंजियाच का? आणि काढा द्यावा का? अण्णांना बीपीची गोळी चालू आहे, त्यात लघवी वाढवणारं औषधही आहे.

मिरचीपूड:
हायड्रेंजिया महाबळेश्वरला बंगल्याबंगल्यात असतं की! निळे-गुलाबी गेंद. मुळाशी गंजके खिळे पुरा, निळं होईल.

रानवाट्या:
मिरचीपूड, ते बागेतलं जपानी हायड्रेंजिया, मॅक्रोफायला. त्याचा निळा रंग आम्लधर्मी मातीतून मिळणाऱ्या ॲल्युमिनियममुळे येतो. खिळ्यात लोखंड असतं, त्यामुळे खिळे जातात वाया. धागाकर्तीचं झुडूप वेगळ्या जातीचं आहे, त्याची माती कितीही बदला, फुलं पांढरीच.

वर्णनावरून हायड्रेंजिया आर्बोरेसेन्स किंवा त्याचं अगदी जवळचं भावंड वाटतंय. पूर्व अमेरिकेचं हे मूळ रहिवासी, न्यूयॉर्कपासून खाली फ्लोरिडाच्या वरच्या भागापर्यंत. ॲपलाचियन डोंगरात ओढ्याकाठी, खडकाळ सावलीच्या उतारावर भरपूर. कडेची मोठी फुलं वांझ असतात. त्यांच्या पाकळ्या वाटतात ती खरं तर निदलं, बहुधा तीन किंवा चार. काम करतात ती मधली बारीक फुलं, मोठी नुसती मधमाश्यांना बोलावणारी पाटी. काही झुडपांना तर ती जवळजवळ नसतातच. 'ॲनाबेल' नावाचे मोठ्ठे पांढरे गेंद नर्सरीत पाहिले असतील, ते याच जातीचे. इलिनॉयमधल्या ॲना गावाजवळ रानात सापडलेल्या एका झुडपापासून वाढवलेले, म्हणून ते नाव.

खात्री करायची तर जुनी फांदी बघा. साल पातळ पापुद्र्यांनी सुटते आणि प्रत्येक पापुद्र्याखाली रंग थोडा निराळा. म्हणून 'सात साली'. थंडीत वाळलेली बोंडं सापडली तर भिंगाखाली धरा, संक्रांतीचं सुगड कुणी तिळाएवढं केलंय असं दिसतं. नावही तिथूनच आलंय, ग्रीकमध्ये 'पाण्याचं भांडं'.

आणि एक पान उलटून बघा. खालची बाजू हिरवी, राखाडी की पांढरी?

धागाकर्ती:
आत्ताच बघून आले. साल सुटतेय, अगदी पेरूसारखी. पण पान उलटं केलं तर खाली पांढरंफेक! तांदळाची पिठी फासल्यासारखं. वारा आला की सगळं झुडूप चमकतं, मला वाटायचं उन्हामुळे.

रानवाट्या:
वा! मग हे हायड्रेंजिया रेडिएटा. दोन्ही कॅरोलायना, उत्तर जॉर्जिया आणि पूर्व टेनेसी एवढ्याच टापूतलं. खालून राखाडी असतं ते सिनेरिया. पूर्वी ही तिन्ही एकाच जातीत मोजत, अजूनही काही जण तसंच मोजतात. तुमच्या आजींच्या आईला हा भेद ठाऊक असण्याचं कारण नाही, साल सुटते ते सेव्हनबार्क. पण औषध म्हणून जुन्या पुस्तकांत जे लिहिलंय ते आर्बोरेसेन्सच्या मुळाबद्दल. कृपया झुडूप उपटू नका. आणि स्मोकी माउंटन्सकडे फिरायला गेलात तर तिथून चुकूनही खणून आणू नका, राष्ट्रीय उद्यानातून झाड काढणं गुन्हा आहे.

खलबत्ता:
मी औषधनिर्माणशास्त्र शिकलेली आहे, वैद्य नाही, हे आधी सांगते.

या मुळाचा वापर चेरोकी लोकांकडून गोऱ्या वसाहतवाल्यांकडे आला. १८५० च्या सुमारास न्यू जर्सीतल्या बर्लिंग्टनचे डॉ. बटलर यांनी ते मुतखड्यासाठी डॉक्टरांपुढे मांडलं आणि पुढे वनस्पतीवाल्या डॉक्टरांनी ते उचलून धरलं. त्यांचाही दावा खडा विरघळतो असा नव्हता. बारीक रेती सुटते, कळ कमी होते, एवढाच. ताजं असतानाच चकत्या करा, वाळल्यावर फुटत नाही, हेही त्यांनी लिहून ठेवलंय, तेव्हा बरणीतल्या 'दगडां'चं नवल नाही. पण माणसांवरच्या नीट चाचण्यांचा भक्कम पुरावा याच्यामागे नाही. जास्त झालं तर चक्कर येते, छातीवर दडपण वाटतं, हे त्या जुन्या डॉक्टरांनीच नोंदवलंय. पानं आणि कळ्या तर विषारीच, त्यांत सायनाइड सुटू शकेल अशी द्रव्यं असतात, कुत्र्या-मांजरांनाही वाईट. त्यात अण्णांची मूत्रल गोळी. मी तरी देणार नाही.

एक विचारते. बरणीवर काही लिहिलंय का?

धागाकर्ती:
हो, चिकटपट्टीवर पेन्सिलीनं 'ग्रॅव्हल रूट'. म्हणजे खड्याचं मूळ, बरोबर ना?

खलबत्ता:
भीती होती तीच. 'ग्रॅव्हल रूट' हे नाव इकडे दोन झाडांना लावतात. काही जण हायड्रेंजियाला, पण जास्त करून 'जो-पाय वीड'ला. ते पार वेगळं, सूर्यफुलाच्या कुळातलं: पानं तीन-चारच्या चक्रात, उन्हाळ्याच्या शेवटी गुलाबी तुरे. त्याच्यात यकृताला घातक असे पायरोलिझिडीन अल्कलॉइड असतात. वाळलेल्या तुकड्यांवरून घरी बसून दोन्हींतला फरक ओळखणं शक्य नाही.

अण्णांना पाषाणभेदाचंच उदाहरण द्या. उत्तरेत त्या नावानं हिमालयातलं बर्जेनिया विकतात, आपल्याकडे कुणी पानफुटीला पाषाणभेद म्हणतं, केरळात नदीपात्रातलं रोटुला. नाव एक, झाडं तीन. इथे तर बरणीत काय आहे तेच माहीत नाही.

ताप आला, थंडी वाजली किंवा लघवी अडली तर मात्र दोन आठवडे थांबू नका, तडक इमर्जन्सी.

मिरचीपूड:
खिळ्यांचे शब्द मागे घेतो. अण्णांना सांभाळा.

धागाकर्ती:
नऊ दिवसांनी लिहिते आहे, सॉरी.

बरणीतला एकही तुकडा उकळला नाही. आजींना विचारलं तर म्हणाल्या, यजमानांनी भरून ठेवली होती, कुठून आणली देव जाणे. आई काढा करायची ते खरं, पण ही बरणी आईची नव्हेच. त्यांना बिचाऱ्यांना वाईट वाटलं, मी शिरा करून नेला.

परवा पहाटे खडा पडला. डॉक्टरांनी दिलेल्या चाळणीत सापडला, जिऱ्यापेक्षा थोडा मोठा. तपासणीत कॅल्शियम ऑक्झलेट निघालं. श्रेय कुळथाचं, असं अण्णांनी जाहीर करून टाकलंय. डॉक्टरांनी पालक आणि अळू कमी करायला सांगितलं. मी कुंडीत मुद्दाम त्यांच्यासाठी लावलेला अळू आता हातभर झालाय, आणि ते रोज त्याच्याकडे बघून सुस्कारे टाकतात.